उसवायचं हत्यार

कापडावर नाव भरून देणारे आमच्या रस्त्यावर चार जण आहेत. भरलेलं नाव काढून देणारा मात्र एकच, आणि तो माझा नवरा. "लोकांची नावं काढण्यात आमच्या दादाने नाव काढलं," असं माझे धाकटे दीर दारात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता भाऊजींनी तोंड उघडलं की मी इस्त्री तापवायला निघून जाते.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक हॉस्पिटल. तिथले पांढरे कोट, खिशाच्या वर निळ्या धाग्यात नाव. माणूस नोकरी सोडून जातो, कोट मात्र धडधाकट असतो. मग तो आमच्याकडे येतो, जुनं नाव काढून नवं घालायला. भरायचं काम मशीनचं. मशीनवर भाऊजी बसतात, मी कापड रिंगेत ताणून देते आणि शेवटी इस्त्री मारते. काढायचं काम मात्र हातानेच होतं. कोट उलटा करायचा, भरताना मागून लावलेला कागद सोलायचा, म्हणजे बॉबिनचा पांढरा धागा दिसतो. वरच्या निळ्या धाग्याला खालून त्यानेच धरून ठेवलेलं असतं. तेवढाच कापायचा, कापडाला धक्का न लावता. नीट कापला गेला की कोट सुलटा करून चिमट्याने ओढलं तरी निळा धागा मुकाट्याने येतो. राहिलेल्या भोकांवर वाफ द्यायची, नखाने उभंआडवं खरवडायचं, की कापड मिटतं. नाव कुठे होतं ते कोट घालणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे सगळं आमचे हे दाढीच्या अर्ध्या ब्लेडने करायचे. एका कडेला चिकटपट्टी गुंडाळलेली, दुसरी कड उघडी. दुसरं हत्यार त्यांनी कधी हातात धरलं नाही. मी एकदा म्हटलं होतं, बाजारात किती नवीन नवीन वस्तू आल्यात. तर म्हणाले, "धागा कुठे संपला आणि कापड कुठे लागलं, ते ब्लेड माझ्या बोटाला सांगतं. तुझ्या नवीन वस्तू बोलतात का?" आमच्या घरात ब्लेड बोलतं आणि नवरा गप्प असतो.

तर अशा माणसाने एक दिवस कोटाला भोक पाडलं.

लहानसंच होतं. त्यांनी ते आतून रफू केलं आणि हॉस्पिटलला खरं काय ते सांगूनही टाकलं. तिथल्या बाईंनी मनावर घेतलं नाही. मीही म्हटलं, पट्टीचे पोहणारेसुद्धा कधी गटांगळी खातात. पण आठवड्याभरात दुसरं भोक पडलं. मग खिडकीजवळ टेबल सरकवून झालं, दिवा बदलून झाला, ब्लेडची पुडी बदलून झाली. चष्मा तर शर्टाच्या टोकाने इतका पुसला की काच झिजेल असं मला वाटायला लागलं. गंमत म्हणजे मधेच एखादा दिवस लोण्यासारखा जायचा. सकाळपासून पाच-सहा कोट निघायचे, एकालाही ओरखडा नाही. मी मनात म्हणायचे, सुटलो. दुसऱ्या दिवशी पहिल्याच कोटावर ब्लेड सटकायचं, आणि त्यांचा चेहरा असा उतरायचा की मला बघवत नसे.

त्यांनी तोंडाने काही सांगितलं नाही, पण मला कळत होतं. माझे सासरे शिंपी होते. याच खोलीत, याच खिडकीपाशी बसायचे. साधारण याच वयात त्यांना काचबिंदू झाला, आणि डॉक्टरकडे गेले तोवर फार उशीर झाला होता. शेवटची बरीच वर्षं ते खुर्चीत बसून कापडाला हात लावून त्याचा पोत सांगायचे. आम्ही सगळे वा वा करायचो, आणि हे उठून बाहेर जायचे.

एकदा मी विषय काढलाच. "अहो, डोळे दाखवून तर येऊ."

"कशाला? बाबांना सांगितलं तेच मला सांगतील. बाबांचंही असंच होतं, एक दिवस बरा, एक दिवस वाईट."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगितलं तर?"

"सांगितलं तर औषध घालू. लवकर कळलं तर थांबतं म्हणे."

"मला कळायचं ते कळलंय," म्हणाले आणि बटणं लावायला घेतली. मी हातातलं झाकण असं आपटलं की भाऊजी मशीन बंद करून बघायला आले. राग आला की मी भांडी आपटते. भीती वाटली तरी तेच करते, त्यामुळे बाहेरच्याला फरक कळत नाही.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. एका सकाळी हे भाऊजींना म्हणाले, "हॉस्पिटलला कळव, काढायचं काम आता आम्ही घेत नाही. भरून देऊ फक्त." अगदी सहज म्हणाले, दूध संपलंय म्हणावं तसं. ब्लेड कागदात गुंडाळून त्यांनी ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात सरकवलं. डोळे अधू झाले असते तर मी धरून चालवलं असतं. पण या माणसाने आत्ताच हात टेकले, तर तो उद्यापासून बापाच्या खुर्चीत जाऊन बसणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

"भाऊजी, आज हॉस्पिटलला काही कळवू नका," मी हळूच सांगितलं. पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या. निघता निघता चिंध्यांच्या खोक्यात हात घातला आणि हाताला लागतील त्या चार-पाच चिंध्या घेतल्या. कोटावर भरायच्या आधी प्रत्येक नाव आम्ही चिंधीवर भरून बघतो. त्या चिंध्या टाकायचं म्हणून राहून जातं, त्यामुळे खोक्याच्या तळाशी कित्येक वर्षांपूर्वीच्याही पडलेल्या असतात.

शिवणसामानाचं दुकान चौकापलीकडे आहे. दुकानदारीण माझ्याच वयाची, गळ्यात दोरीला कात्री अडकवलेली, आणि बोलायला माझ्याइतकीच तिखट. मी म्हटलं, "भरलेले टाके उसवायला काय काय आहे, ते सगळं काढा."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मास्तरांनी ब्लेड सोडलं की काय?"

"तुम्ही वस्तू दाखवा हो."

तिने काउंटरवर सगळं मांडलं. दोन टोकांचा रिपर, एका टोकाला लाल मणी. वाकड्या चोचीची लहान कात्री. चिमटीत दाबायचा कटर. आणि एका डब्यातून दाढीच्या मशीनसारखं दिसणारं, वायर लावलेलं एक यंत्र.

"रिपर शिवणीला उत्तम," ती म्हणाली. "पण भरगच्च टाक्यात त्याचं टोक घुसवायचं तर नजर पाहिजे. कात्री सुरक्षित, पण एकेक टाका उचलत बसा, मुलांची लग्नं होतील. कटर फक्त सुटी टोकं कापायला. आणि हा ट्रिमर. मागच्या बाजूने कापडावर सपाट टेकवायचा आणि पुढे ढकलायचा. खाली फणी आहे, ती धागा वर उचलते आणि दातात देते. बनियनच्या कापडावर नको, ते खाऊन टाकेल. जाड कापडावर छान चालतो."

मी काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारलं, "यातलं न बघता कुठलं चालवता येईल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिखट बाई, पण पुढे एक प्रश्न विचारला नाही. म्हणाली, "चिंधी आणलीय का? करून बघू."

मी चिंध्या पुढे केल्या. तिने पहिली उलटी केली, एका अक्षराखाली रिपर लावला आणि सर्रकन नेला. बॉबिनचा धागा तुटत गेला आणि ते निळं अक्षर वरून सैल पडलं. "झालं की," ती म्हणाली, "यात एवढं काय?" दुसरी चिंधी घेतली. तोच रिपर, तोच हात. रिपर धाग्यावरून घसरला. तिने जोर लावला, तसा तो एकदम सुटला आणि कापडात घुसला. बरोबर मधोमध भोक.

"अगं बाई!" ती म्हणाली. "टोक बोथट दिसतंय." पाकीट फोडून नवा रिपर काढला. पुन्हा घसरला, पुन्हा भोक.

मी त्या भोकाकडे बघतच राहिले. गेल्या काही महिन्यांत तसलं भोक मी इतक्यांदा रफू होताना पाहिलं होतं की झोपेतही ओळखलं असतं. आणि या बाईचे डोळे तर चौकातून जाणाऱ्या माणसाचं तुटलेलं बटण हेरणारे.

"थांबा," मी म्हटलं, "पहिलीवर पुढचं अक्षर करून बघा."

पहिलीवर रिपर लोण्यातून जावा तसा गेला. दुसरीवर अडला. तिसरी चिंधी गेली, चौथी अडली. आता तीही पेटली. तिने दोन्ही तऱ्हेच्या चिंध्यांमधून बॉबिनचा एकेक धागा नखाने उपसला आणि दोन हातांत धरून ओढला. पहिला टक् करून तुटला. दुसरा ताणला, आणखी ताणला, तुटेचना. शेवटी तिच्या बोटाला वळ उठला तेव्हा कुठे तुटला.

"ताई, हे दोन धागे वेगळे आहेत," ती बोट चोखत म्हणाली. "हा सुती आहे. आणि हा नायलॉनच्या जातीचा. दिसायला सारखाच पांढरा, सारखाच बारीक. पण हा आधी दबतो, ताणतो आणि मग एकदम सुटतो. याला तुमच्या मास्तरांच्या ब्लेडने कापायला गेलं तर भोक पडणारच. देव जरी ब्लेड घेऊन बसला तरी पडणार."

मी काउंटर धरून उभी राहिले. हसायला येत होतं, आणि कोणाला तरी बदडावंसंही वाटत होतं. बदडायचं कुणाला, तेही लगेच लक्षात आलं. आमच्याकडे धागा आणतात भाऊजी.

"ट्रिमर घेऊन जा," दुकानदारीण म्हणाली. "चालवून बघा, आवडला तर ठेवा. नाहीतर परत आणा."

घरी पोचले तेव्हा हे बटणंच लावत बसले होते. मी पहिली चिंधी त्यांच्यापुढे टाकली, ड्रॉवरमधून ब्लेड काढून बाजूला ठेवलं. "हे काढा."

"मी सोडलंय ते काम."

"काढा म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून त्यांनी निमूटपणे ब्लेड उचललं. चिंधी उलटी केली. दोनदा हात फिरवला आणि राहिलेलं नाव सुटून आलं. कापडाला साधा ओरखडासुद्धा नाही. ते खिन्नपणे म्हणाले, "आज बरा दिवस दिसतोय."

"आता हे."

चौथ्या चिंधीवर ब्लेड सटकलं. त्यांनी ते लगेच खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. "बघितलंस?" म्हणाले. "आत्ता दिसत होतं. आत्ता गेलं." ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मला पुन्हा कधी ऐकायचा नाही.

"काही गेलं नाही," मी म्हटलं. रडायला येत होतं म्हणून आणखी जोरात म्हटलं, आणि दोन्ही चिंध्यांतून एकेक पांढरा धागा उपसून त्यांच्या हातात दिला. "डोळे मिटा आणि हे दोन धागे ओढा."

त्यांनी डोळे मिटले. पहिला ओढला, टक्. दुसरा ओढला. तो ताणायला लागला तशा त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी धागा ढिला सोडला, पुन्हा ओढला. बोटांमध्ये घोळवला. दातांखाली धरून पाहिला. मग डोळे उघडून चिंध्यांच्या खोक्यापाशी गेले आणि खाली बसून एकेक चिंधी उलटी करून तिचा धागा उपसायला लागले. तुटणाऱ्या एका बाजूला, ताणणाऱ्या दुसऱ्या बाजूला. कुठलं नाव कधी भरलं ते त्यांना चिंधी बघितली की आठवतं. मी मुकाट्याने बघत होते, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"थंडीच्या आधीच्या सगळ्या तुटतात," शेवटी ते म्हणाले. "थंडीनंतरच्या सगळ्या ताणतात." आणि मग हाक मारली, "अरे ए! इकडे ये जरा."

भाऊजी आले. हातात चहाचा कप.

"बॉबिनचा धागा कधी बदललास?"

"बदलला कुठे? आपला तो धागेवाला दुकान बंद करून गेला ना, मग दुसऱ्याकडून आणला. पांढराच आहे की!"

"पांढरा," हे म्हणाले.

"पांढरा तो पांढरा, दादा. मशीनला छान चालतो. एकदाही तुटला नाही. उलट मी म्हटलं, दादाला सांगावं, किती मजबूत धागा मिळालाय!" मग आमच्या दोघांची तोंडं बघून कप खाली ठेवत म्हणाले, "काय झालं?"

मी त्यांना काय काय ऐकवणार होते ते रस्त्यानेच ठरवून आले होते, आणि त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. पण मी सुरू करायच्या आत हे हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलवून, मग भिंतीला टेकून. चोर मोकळा फिरत होता आणि आम्ही संन्याशाला फाशी दिली होती. तीही रोज थोडी थोडी. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते शर्टाच्या टोकाने चष्म्याऐवजी डोळे पुसत राहिले. भाऊजींना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसे ते मटकन खाली बसले आणि म्हणाले, "दादा, मला आधी बोलला का नाहीस रे? मी तुझ्या समोर बसतो दिवसभर." त्यांचा चेहरा पाहून माझ्याने शिवी देववेना.

ट्रिमर मी शेवटी काढून दाखवला. "हे काय?" हे म्हणाले. "मेंढी भादरायचीय का?" तरी वायर लावली, ताणणारी एक चिंधी घेतली आणि कापडावर सपाट टेकवून पुढे ढकललं. फणीने धागा उचलला, दातांनी कापला. चिंधी सुलटी करून निळा धागा ओढला तर निघून आला. त्यांनी भोकं मोजल्यासारखं कापड उजेडात धरलं. "बोलत नाही," म्हणाले, "पण काम बरं करतं. नायलॉनसाठी ठेवू." ब्लेड त्यांनी ड्रॉवरमध्ये परत ठेवलं नाही. टेबलावर, हाताशी ठेवलं.

माझा जीव भांड्यात पडला, असं मी तेव्हा समजले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल."

"कुठे?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"आता? मी झाकणं आपटून सांगत होते तेव्हा नाही, आणि आता काही झालेलं नाही हे कळल्यावर?"

"म्हणूनच," ते म्हणाले. "काल सकाळपर्यंत मला खात्री होती. खात्री असलेला माणूस कशाला जाईल? आज नुसती शंका आहे. शंका घेऊन जाता येतं."

तर्क उलटा होता, पण मी वाद घातला नाही. हा माणूस पुन्हा बसला तर उठवायचा कोणी?

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी वडिलांचं विचारलं, यांनी सगळं सांगितलं. हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांत दिव्याचा झोत पाडला, डोळ्यांचा दाब मोजला, थेंब घालून आतलं पाहिलं. मी मागच्या बाकावर पिशवी पोटाशी धरून बसले होते. आदल्या दिवशी हे एवढे हसले होते, आणि आता मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून सोडत होते. धाग्याचा प्रश्न सुटला म्हणून डोळ्यांचा सुटला असं थोडंच आहे? दोन्ही खरं असू शकतं. हे मला तिथे बसल्यावर सुचलं, आणि आलो कशाला असंही वाटून गेलं. यांच्या मानेकडे बघत होते. मान ताठ होती, पण कान लाल झाले होते.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला. म्हणाल्या, "दाब व्यवस्थित आहे. आतली नस चांगली आहे. काचबिंदू नाही. जवळचा नंबर थोडा वाढलाय, काच बदला. वडिलांना होता म्हणून दर वर्षी येऊन दाखवत जा. पण आज काही नाही."

"काही नाही?" हे म्हणाले.

"काही नाही."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठून त्यांना बाहेर काढलं. नाहीतर त्या बाईंना आपल्यालाच काही दिसत नाही असं वाटायला लागलं असतं.

थेंबांमुळे त्यांना उजेड सहन होत नव्हता. डोळे बारीक करून, माझा दंड धरून चालत होते. रस्त्यावर गर्दी होती, फळवाला ओरडत होता, कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि मला सगळ्यांवर उगाच प्रेम येत होतं. अगदी भाऊजींवरसुद्धा. कोपऱ्यावर आलो तसे ते थांबले.

"एक सांगू? गेले काही महिने मी रोज सकाळी तू उठायच्या आधी उठायचो."

"का बरं?"

"तुझा चेहरा पाठ करायला."

मी त्यांच्याकडे बघितलं. मस्करी करत नव्हते.

"इतक्या वर्षांत पाठ झाला नव्हता का?" मी म्हटलं. जमेल तेवढ्या रागाने म्हटलं.

"झाला होता गं. पण परीक्षा जवळ आली की माणूस पुन्हा पहिल्या पानापासून काढतोच ना."

याला झणझणीत उत्तर द्यायला हवं होतं. पण भर रस्त्यात, पिशवी हातात धरून, मी रडायला लागले. नाक लाल, केस विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. "बघू नका," मी म्हटलं. पण त्यांनी ऐकलं नाही. उजेडाने डोळ्यांतून पाणी येत असतानाही ते तिथेच उभे राहून माझ्याकडे बघत राहिले.